खिंडीत ट्रक शीळ घालतो

हॅलो?… हॅलो, कोण? तुंगा? अगं मोठ्यानं बोल, नुसता वाराच ऐकू येतोय… पोहोचलात का नव्या कुरणावर?… मग कुठे? खिंडीतच?… हां, बरोबर, रेंज तिथे वर ओवोच्या, त्या देवाच्या दगडांच्या राशीपाशीच मिळते.

काय झालं गाडीला?… शीळ घालतेय? म्हणजे कशी शीळ?

बल्जीर, चहा नंतर ओत रे. सूनबाईंचा फोन आहे… हसायला काय झालं? तुझा ट्रक तर दोन वर्षं घोरतोच आहे, त्याचं बघ आधी.

नाही गं, तुला नाही. शेजारचा बल्जीर बसलाय, माझ्या प्लास्टरवर पेला ठेवून… पाय बरा आहे, पायाचं सोड. गाडीचं बोल… हो, ऐकतोय, पण तू सांगू नकोस, मला गाडीच ऐकव. इंजिन चालू ठेव आणि फोन बोनेटच्या आत धर. अजून आत…

हं… हं… कळलं! बल्जीर, पाहिलंस? एवढ्या लांबून, फोनवर, एका फटक्यात कळलं मला! उगाच नाही सगळे ड्रायव्हर माझ्या दारात येत.

तुंगा, ऐक. कुठूनतरी हवा ओढतेय ती. मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय… अगं हो, ऐक ना, तेच असणार. आयुष्य गेलं माझं त्या बयेबरोबर. त्या जोडावर थोडंथोडं पाणी ओत. शीळ थांबली की समजायचं, फट तिथेच… पाणी नाही? चहा असेल ना? मग तो ओत. मिठाचा आहे म्हणून इंजिन नाक मुरडत नाही.

थांबली?… नाही?… पलीकडच्या बाजूला ओत… तरी नाही? नीट ओतलास ना?… बरं बरं, ओतलास नीट. रागावू नकोस. पण गॅस्केटच आहे, मी सांगतो ना.

आभाळ कसं आहे?… पश्चिमेला काळं? मग सोड ते गॅस्केट, उतर खाली. उताराला इंजिनाचं काम ते काय? अख्खं घर लादलंय गाडीवर, वादळात खिंडीत कशाला बसता? शीळ घालते तर घालू दे.

कोण ओरडतंय?… आमची आक्का? काय म्हणणं आहे तिचं?… गाडी शीळ घालून वारा बोलावतेय! ऐकलंस बल्जीर? साठ वर्षं मला शीळ घालू दिली नाही, आता ट्रकला दटावतेय… काय करतेय? दूध शिंपडतेय? ओवोवर ना?… इंजिनवर? अगं आवर तिला! प्लगवर उडालं तर बसाल तिथेच!

काय?… थांबली? शीळ थांबली?… पुन्हा सुरू झाली. हं. दूध नेमकं कुठे पडलं, तुंगा?… गॅस्केटवर नाही? मग?… तो मागचा जाड पाइप? ब्रेककडे जातो तो?

तुंगा, ब्रेक दाबून बघ… दाबलाय? कधी?… मघाशीच? दाबला की आवाज बदलतो… आणि पेडल दगडासारखं घट्ट… हेच सांगत होतीस तू मला? आणि मी तुला बोलू दिलं नाही?



पोरी, जागची हलू नकोस. तो ब्रेकला जोर देणाऱ्या बुस्टरचा पाइप आहे. एवढं ओझं घेऊन त्या उताराला लागली असतीस, तर गाडी थांबलीच नसती… मी उतर म्हणालो तुला. माझ्या तोंडानं म्हणालो… नाही, मला बोलू दे. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो मी.

काय म्हणालीस? टोकालाच चिरलाय? मग इंजिन बंद कर, तेवढं टोक काप आणि… कापलंस पण? उरलेला पुरतो का ओढून?… पुरतो! बसव घट्ट. क्लिप सैल वाटली तर वरून चामड्याची वादी आवळ… कुठली, आक्काच्या खोगिराची? ती बाई जीव देईल, वादी देणार नाही… दिली? काय सांगतेस!

चालू कर गाडी. फोन जवळ धर…

बल्जीर, ये इकडे, कान लाव. येते ऐकू शीळ? नाही ना? सून आहे माझी, सून! दूध आक्काचं, पण ब्रेक आधी कोणी दाबून पाहिला? गाव म्हणत होतं, बाईमाणसाच्या हातात ट्रक देतोस? तूच सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होतास!

हो, हो, बोल तुंगा… गाडी चालू केली की पेडल पायाखाली जरासं दबतं? मग ब्रेक ठणठणीत. आता सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये… काय?… छे, मी तर जन्मभर दुसऱ्यातच… हं… हं. बरं… हो, ठेव फोन, दोन्ही हात मोकळे हवेत. तुंगा, अगं ऐक ना, एकच सांगायचं होतं, तू…

हॅलो?… हॅलो?… गेली रेंज.

काय बघतोस असा? मी म्हटलं दुसऱ्या गिअरमध्ये उतर. ती म्हणते, बाबा, ओझं फार आहे, मी पहिल्यातच उतरणार.

पहिलाच बरोबर आहे, बल्जीर.