ओटी भरली ती जागा

मी, बायडाबाई गोटीराम जेजुरकर, वय ६१ वर्षे, धंदा फुलशेती, राहणार नदीकाठचा मळा, गंगापूर रोडच्या खालच्या अंगाला, नाशिक. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी, मुलगा ललित व सून भाग्यश्री राहतो. मालक वारले आहेत. सातबारा माझ्या नावावर आहे. सरकारने पूररेषा आखली, तीत आमचा सगळा मळा गेला व बांधकामाला बंदी आली. आम्हाला कोणी विचारले नाही, मोबदलाही दिला नाही. त्याचा राग मलाही आहे. "जमीन आपली अन् हुकूम त्यांचा, हे चालायचं नाय," असे म्हणून ललितने शेजारच्या मळेवाल्यांसोबत हायकोर्टात याचिका केली. तिच्यावर माझा अंगठा आहे. इथवर पाणी कधी आलेच नाही, असे त्यात लिहिले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

परवा कोर्टाने नेमलेले साहेब पाहणीला आले. ललित फुले घेऊन मार्केटला गेला होता. साहेबांनी विचारले, आजी, पाणी कुठवर येते? मी त्यांना हौसेने आमच्या उंबऱ्याशी नेले. मोठ्या पुरात नदी, आमची गंगा, दारात आली तेव्हा इथेच खणानारळाने तिची ओटी भरली, असे सांगितले. गंगा दारात येणे आम्ही मानाचे समजतो. साहेबांनी जागेचा फोटो काढला.

काल ललितला हे कळले. तो म्हणाला, "आई, तू आम्हाला जित्तं गाडलं. उद्या साहेब परत येतील तवा तू 'मला भ्रम झालाय' म्हनायचं. नायतर त्याच गंगेत सोडून येईन. लोक म्हनतील, म्हातारीचा पाय घसरला." भाग्यश्री मध्ये पडली, तिला ढकलले. माझा मोबाइल काढून घेतला.

मी कबूल केले नाही. आलेल्या गंगेला आली नाही म्हणायची माझी छाती होत नाही. आणि पोटच्या पोराचे भय वाटते, हे सांगायला लाज वाटते. पण लय भय वाटते. आज देवळात जाते असे सांगून निघाले ते इथे आले.

इथल्या ठाण्याच्या साहेबांनी गाडीने घरी सोडतो म्हटले. मी नको म्हणाले. घरी ललित आहे. पाहणी होईपर्यंत मला इथेच बाकावर बसू द्यावे.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. ललित काय म्हणाला ते मी पुन्हा एकदा वाचायला लावले. तेही बरोबर आहे.