मरियमचा पुढचा दात

चिपळूणला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला.

“काय म्हणाले गो डॉक्टर?”

“व्हिनिअर म्हणजे पुढून पातळ पापुद्रा चिकटवतात. दात फारसा घासावा लागत नाही, दिसतोही छान.”

“आणि कॅप?”

“ती जास्त मजबूत. पण दात सगळीकडून घासून बारीक करतात.”

“तुटला कधी?”

“तुम्ही दुबईला गेलात, त्याच महिन्यात.”

“म्हणून व्हिडिओ कॉलवर हसायची नाहीस? मला वाटायचं, रागावलीस.”

“हसू यायचं. तेव्हा फोन छताकडे फिरवायचे.”

“मला नुसता पंखा दिसायचा.”

“मग आता काय करू, व्हिनिअर की कॅप?”

“कॅपच कर. मी पुन्हा येईपर्यंत टिकायला हवी.”

“पुन्हा? म्हणजे परत जायचं ठरवलंत?”

“तुझा नंबर आला, मरियम.”