मशीनपुरती खिडकी

— नाही हो, त्या दिवशी असं ऊन नव्हतं. धुकं होतं. हा समोरचा दिव्याचा खांब अर्धाच दिसत होता, वरचा अर्धा कुणी पुसून टाकल्यासारखा, आणि दुपार व्हायला आली तरी विरायचं नाव नाही. आज बघा, कसं सरळ त्या खिडकीत शिरतंय. ती तळमजल्याची, कोपऱ्यातली. तुम्ही तेच घर बघायला आलात ना? बसा, बसा. ऑफिस उघडायला वेळ आहे. तो विक्रीवाला साहेब चहा झाल्याशिवाय कुलूप काढत नाही — माणूस वाईट नाही, टाय बांधतो एवढंच.

किती सांगितलीय किंमत? — जाऊ द्या, मला कशाला सांगता. उतरेल. पण एक ऐका माझं, बायकोला आणणार असाल तर भावाचं बोलणं तिच्यासमोर करू नका. हसताय. हसा. मी पण हसलो असतो.

मी जन्मभर गाद्या भरल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गिऱ्हाईक ओळखायचो. आल्या आल्या ‘वा, काय मऊ’ म्हणणारा हात झटकून जातो, आणि ‘ह्यात गुठळ्या आहेत, कडेला कापूस कमी पडलाय’ म्हणून नाक मुरडणारा गादी खांद्यावर टाकून नेतो. रीतच आहे ती, त्यात खोटं बोलल्याचं पाप नाही — मी आपलं असं धरून चाललो. आमची ही पडद्यामागे मशीनवर खोळी शिवायची. आणि तिचं काय व्हायचं — गिऱ्हाईक म्हणालं ‘शिवण वाकडी आहे’ की ही खरंच उसवायला बसायची. मी म्हणायचो, अगं, भाव पाडायला म्हणतोय तो. ती म्हणायची, उगाच कशाला म्हणेल कुणी? एकदा एक बाई पैसे काढून उभी, आणि ही उशीची खोळ मांडीवर घेऊन टाके उसवतेय. कंटाळून बाई गेली की निघून. तर असा स्वभाव. आणि हे मला ठाऊक होतं, भाऊ. ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी.

तिचे गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर — ती मागची पिवळी इमारत आमची, लिफ्ट नाही. खाली उतरायचं म्हणजे दोघांनी खुर्ची उचलायची, आणि ती लाजायची. म्हणायची, मी काय कपाट आहे का? मग उतरणंच सोडलं तिनं. दिवसभर खिडकीत. ही इमारत पाया खणल्यापासून तिनं वरून बघितलीय — कुठला गवंडी आळशी, कोण डबा एकटा खातो, सगळं सांगायची मला. तळमजला झाला तेव्हा एकदाच म्हणाली, त्या घरातून दाराबाहेर पाय टाकला की जमीन. एवढंच. मागणारी नव्हतीच ती. मी दुकानाचा गाळा विकला, ते पैसे होते. म्हटलं, घेऊ.

मग शेजारची नर्सबाई आहे, आमच्या दाराला दार लागून — हिला अंघोळ घालायचं तीच बघायची, पोटच्या लेकीसारखं — तिनं हॉस्पिटलातले दोघं आणले, आणि त्यांनी हिला खुर्चीतून इथवर आणली, धुक्यातून. शाल गुंडाळून. आतल्या खोलीत मधोमध खुर्ची ठेवली. साहेबानं किंमत सांगितली. मी तोंड वाकडं केलं. म्हटलं, स्वयंपाकघर अरुंद. म्हटलं, दार हलकं आहे, लाथ मारली तर जाईल. साहेब गालात हसत होता, त्यालाही रीत ठाऊक. तेवढ्यात ही खिडकीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, ‘अहो, इथे मशीन बसेल.’ आणि मी — मला वाटलं, झालं, आता ह्याला कळणार घर आवडलंय, हा अडून बसणार — मी घाईनं म्हटलं, ‘कसलं मशीन? ऊन येत नाही या घरात. सुईत दोरा ओवता यायचा नाही तुला. कोंदट आहे, माझा तर आल्यापासून जीव गुदमरतोय.’ बाहेर धुकं, खिडकीत नुसतं पांढरं. असं ऊन असतं ना त्या दिवशी, तर त्या खिडकीनंच मला खोटं पाडलं असतं.

भाव? उतरला की. साहेब आत जाऊन फोन करून आला आणि मी मनात धरला होता त्याच्याही खाली आला. मी हिच्याकडे वळलो. ती म्हणाली, ‘नको. चला घरी.’ आता गंमत बघा — मला वाटलं, ही पण भाव पाडतेय. मनात म्हटलं, वा, शिकली एकदाची. साहेबाला म्हटलं, बघा बुवा, मंडळीच नको म्हणते. आणि खुर्ची उचलायला लावून निघालो. मुद्दाम हळू हळू, बाजारात चालतात तसं, हाक ऐकू यावी म्हणून. त्या उचलणाऱ्यांना म्हणतोय, सावकाश रे, सावकाश. हाक काही आली नाही. पायरीपर्यंत आलो आणि बघतो तर हिच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं तर म्हणाली, धुकं लागतंय.

घरी येऊन सांगितलं सगळं. अगं, लटकं होतं ते, घर छान आहे, मला आवडलंय. उद्या जाऊन घेऊन टाकतो. ती म्हणाली, ‘कधी खोटं बोलला नाहीत, आता माझ्यासाठी बोलू नका. जीव गुदमरत असेल तिथे राहायचं कशाला?’ रोज सांगितलं. रोज तेच. मीही मग समजलो, तिला खरंच आवडलं नसेल. अंधाराचं घर. थंडी सरायच्या आत — खाली आली ती. आली म्हणजे, चौघांच्या खांद्यावरून आणावी लागली.

साहेब अजून हाक मारतो मला, काका, भावात अजून खाली येऊ, या. मी काय करू येऊन? आमच्या तिसऱ्या मजल्याला काय झालंय आता? मी इथे बसतो. ऊन कधी शिरतं बघतो. सकाळपासून असतं हो त्या खिडकीत. मशीनपुरती जागा पण आहे बरोबर, मी एकदा बाहेरून हातानं मोजलीय.

आला बघा साहेब. उठा, जा. घ्या तुम्ही ते घर, चांगलं आहे. माझं मनावर घेऊ नका, म्हातारं माणूस, बसल्या जागी बोलत राहतं. — काय, तिला खरंच आवडलं नव्हतं का? अहो, त्या नर्सबाईनंच तर परवा जिन्यात थांबवलं मला. कितीतरी दिवस बोलू का नको करत होती. म्हणाली, “काका, घर बघून आल्यावर काकूंनी मला मशीनवर कापड परत झाकायला लावलं. म्हणाल्या, ह्यांचा जीव नाही रमायचा तिथे. मला फार आवडलंय, पण ह्यांना कळू देऊ नकोस.”