सहाव्या ओळीतली चूक

— अहो, उभे काय राहिलात, बसा ना गुणाजीराव. चपला राहू द्या हो, कोण बघतंय. पाणी घ्या आधी. बघू तो कागद — हं. 'मी, अनुजा गुणाजी साटम, तर्कशास्त्राच्या परीक्षेत पुढच्या बाकावरील विद्यार्थिनीचे पाहून लिहिले, मला त्याचा पश्चात्ताप होत आहे.' अक्षर छान आहे हो पोरीचं. दोन वर्षं नाही म्हणजे नाही म्हणत होती ना? मग आता कशी तयार झाली? — तुम्ही जेवण सोडलंत? किती दिवस? — चार! आणि चौथ्या दिवशी तिनं लिहून दिलं. हं. बापाचं काळीज, दुसरं काय. उद्या शेवटची तारीख, तक्रार माझी होती म्हणून या कबुलीवर माझी सही पडली की कॉलेज तिला परत घेणार — ठाऊक आहे मला, फोन आला होता ऑफिसातून. करतो ना सही. पेन कुठं ठेवलं मी —

काय म्हणालात? माफ करा? अहो, मी कोण माफ करणारा! एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, फिलॉसॉफीला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिलं वर्ष माझ्या हाताखालूनच जायचं. तुम्हाला सांगतो, सोपं असतं हो ते. सत्यता कोष्टक म्हणतात — खरं, खोटं, खरं, खोटं, अशा आठ ओळी मांडायच्या, बस. डोकं चालवलं तर पाच मिनिटांचं काम. पण आपली पोरं पाठ करतात! तर्कशास्त्र पाठ! तर पेपर तपासताना मला काय दिसलं, पुढच्या बाकावरच्या मनवाच्या कोष्टकात सहावी ओळ चुकलेली — आणि मागच्या बाकावर तुमची अनुजा, तिचीही सहावीच. बाकीच्या सात बरोबर. बरोबर उत्तर शंभर जणांचं सारखं येतं हो, चूक सारखी येत नाही. मी तसाच उठलो आणि पेपर घेऊन प्राचार्यांकडे गेलो. — नाही, मनवाला काही नाही झालं. ती पुढे बसलेली ना. पुढचीचं बघून मागची लिहिते. आणि दादरची मुलगी, वडील वकील, घरात पुस्तकं — म्हणजे त्यामुळे नाही हो, तसं कुणी मनातसुद्धा आणलं नाही. मी तरी नाही. बाकांचा क्रम बघितला, एवढंच.

रडली नाही हां तुमची पोर. चौकशी समितीसमोर सरळ उभी राहून म्हणाली, सर, मी झेरॉक्सच्या नोट्समधून पाठ केलंय, त्यात असंच आहे. आणि पिशवीतून कागद काढले — झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली. नाव नाही, गाव नाही. कॉलेजसमोरच्या दुकानात मिळतात तसल्या, वर्षानुवर्षं. माझा आधीपासून राग त्या नोट्सवर. मी हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, ही रद्दी आहे, हिला पुरावा म्हणत नाहीत. तिनं तिथंच फाडली ती. टराटरा. तेव्हा वाटलं, बघा, कसा माज! — आता वाटतं, निदान बघायला हवी होती. नुसती बघायला. अक्षर तरी ओळखलं असतं.

कुणाचं म्हणजे? — कुणाचं नाही. बोलायची सवय हो, मास्तर माणूस. — बरं, विचारताय म्हणून सांगतो, पण हे आपल्यातच. निवृत्तीच्या आधी कपाट रिकामं करत होतो. तळाशी माझी जुनी वही निघाली, वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी मुलांना घरी नेऊन उतरवून घ्यायला द्यायचो ती. कुणीतरी झेरॉक्स काढली असणार. चाळली सहज. तेच उदाहरण — पेपरात तेच टाकलं होतं मी, आळसानं — आठ ओळी, सहावी चुकलेली. माझ्या हातानं. एका मूळ कागदावरून दोघींनी पाठ केलेलं, गुणाजीराव. दोघींनी. म्हणजे मूळ एकच आहे हे माझं बरोबरच होतं, फक्त —

कॉपी केली असेल तर चूक सारखी येईल, चूक सारखी आली, म्हणून कॉपी केली. हे असं कुणी लिहिलं तर मी शून्य द्यायचो. उभं करून वर्गात हसायचो. आणि मी समितीला ते टाइप करून दिलं, खाली सही.

का नाही सांगितलं? अहो, वही सापडली तेव्हा दहा दिवस राहिले होते निरोप समारंभाला. शाल आली होती, मुलांनी मानपत्र लिहून आणलं होतं. त्यात काय जाऊन सांगू? आणि म्हटलं, पोर तरुण आहे, दुसरं काहीतरी करील. मॉलमध्ये लागली ना ती, लिपस्टिकच्या काउंटरला? — बघितलं मी एकदा लांबून. पुढे नाही गेलो.

असे बघू नका माझ्याकडे. उपाशी राहून तुम्हीच लिहून घेतलंत ना तिच्याकडून? मी नाही सांगितलं लिहायला. — काय? सही नको? मग उद्या काय घेऊन जाणार कॉलेजात? — वही? कशाला वही? नाही. ती वही नाही मिळायची. कुठं आहे ते मलाही नक्की — आवाज चढवू नका, शेजारी माणसं आहेत. एकसष्टाव्या वर्षी मी प्राचार्यांपुढे जाऊन उभा राहू, म्हणू की समितीला मी चुकीचं लिहून दिलं? झालेलं परत येतं का त्यानं?

ही घ्या. केली सही, तारीखसुद्धा टाकली. हात मागे का घेताय, धरा. तिनं स्वतः लिहिलंय ना, स्वतःच्या अक्षरात? मग केली असेल कॉपी. न करता कोण लिहून देतं? या तुम्ही आता. दार ओढून घ्या जाताना.