नावाड्याचा आवाज

हिलाल : अगं, डबीवर देवाचं चित्र आहे म्हणून आत देवच असेल, असं कसं धरलंस तू?

भागीरथी : मग काय धरायचं? साऱ्या भेस्तान वस्तीत आपलंच एक कॅसेटचं दुकान असं, की डबीवर देव आणि आत भलतंच! काल भाईदासभाऊंच्या घरून निरोप आला, लेकीची, पूजाची हळद आहे, रात्री बघायला कॅसेटी द्या. हळदीला पहिली कॅसेट देवाची लागते, मग मारधाड. तुम्ही दुकानात नव्हता. दिल्या मी.

हिलाल : ती माझी नदीवाली होती!

भागीरथी : नदीवाली होती तर नदीवालीसारखी ठेवायची.

हिलाल : तशी ठेवली की गिऱ्हाईक घरी नेतं आणि वरून क्रिकेटची मॅच भरून आणतं. हळद-पूजा सोडली तर देवाच्या डबीला हात कोण लावतं? म्हणून तिथं लपवली.

भागीरथी : आणि नेमकी हळदच आली. अहो, पण तुमची नदी मागायला आलंय कोण आजवर? माणूस मारधाड मागायला येतो, तुम्ही त्याच्या गळ्यात असाच कुठला तरी शांत पिक्चर मारता. ‘हा बघा, एकदा बघाच.’ तो हजीऱ्याच्या कारखान्यातला वेल्डर मला म्हणाला, भाभी, सेठला सांगा, झोप नाही आली तर मी गोळी घेईन, कॅसेट नको.

हिलाल : झोपला ना तो? पण सकाळी डबा घेऊन कामावर जाता जाता विचारायला आलाच, त्या म्हातारीचं पुढं काय झालं म्हणून. मी सांगितलं नाही. म्हटलं, परत ने, जागा राहून बघ.

भागीरथी : हसू नका. मघाशी घाम फुटला होता तुम्हाला.

हिलाल : अजून फुटलेलाच आहे. एकच प्रत आहे गं माझ्याकडे. एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागला होता, तेव्हा भरून घेतला. बाजारात कुठंच मिळत नाही. स्टेशनजवळच्या साऱ्या दुकानांत विचारलं, मुंबईला माणूस पाठवून विचारलं.

भागीरथी : मला नका सांगू. त्या दुपारी घरात पाहुणे, आणि मला मिक्सर लावू दिला नाही. पडद्यावर रेघा येतात म्हणे! तुमची नदी वाहत होती आणि मी पाट्यावर चटणी वाटत होते.

हिलाल : चटणी मात्र झकास झाली होती. आता हळदीचं शूटिंग करणाऱ्या त्या लोटूनं काय करून ठेवलंय देव जाणे. त्याच्याकडे कोरी कॅसेट कमी पडली, आणि त्यानं हीच घालून वरून हळद भरली असली तर? गेलं माझं सगळं.

भागीरथी : शुभ बोला की जरा. ते बघा, मालतीबाई येताहेत. भाईदासभाऊंची मोठी बहीण. पदर खोचलाय, म्हणजे भांडायलाच येताहेत. तुम्ही गप्प बसा, मी बोलते.

मालतीबाई : हिलालभाऊ! काय कॅसेट दिली हो तुम्ही!

भागीरथी : मालतीताई, चूक माझी आहे. यांना काही बोलू नका. लग्नघरात असं व्हायला नको होतं.

मालतीबाई : चूक? माय वं! अशी हळद साऱ्या गल्लीत झाली नाही कधी. हसून हसून पोट दुखून राहिलं माझं. जरा पाणी दे आधी.

हिलाल : कॅसेट आहे ना? तेवढं सांगा.

मालतीबाई : ही काय पिशवीत. ऐका तर. देवाची कॅसेट म्हणून आम्ही उदबत्ती लावली. साऱ्या बाया हात जोडून बसल्या. पहिले नदी आली. मी म्हटलं, गंगामाय असेल. मग नाव आली, नावेत एक दाढीवाला. साऱ्यांनी नमस्कार केला त्याला.

भागीरथी : नावाड्याला?

मालतीबाई : आम्हाला काय माहीत! बऱ्याच वेळानं त्यानं बिडी पेटवली, तेव्हा कळलं की हा देव नाही.

हिलाल : बंद का नाही केला मग?

मालतीबाई : कसा बंद करणार? त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं दिसत होतं. आमच्या घरात हळद, त्याच्याही घरात हळद. पण बोली काही कळेना. ना मराठी, ना गुजराती. मग ती नवरीची माय चुलीपाशी तोंड हलवायला लागली, तशी मीच बोलले तिच्या बदल्यात. आपल्या अहिराणीत. ‘पोरगी जाई ऱ्हायनी, अन् तुमले बिडी सुची ऱ्हायनी!’ साऱ्या बाया अशा हसल्या की लोटूचा कॅमेरा हलला.

हिलाल : हे मात्र बरोबर बोललात. तिथं ती तसंच काहीतरी म्हणते.

मालतीबाई : मग काय, एकीनं सासू घेतली, एकीनं शेजारीण. माझ्या नणंदेनं बकरी घेतली.

भागीरथी : बकरी?

मालतीबाई : बकरीलाही काम आहे त्याच्यात. मग मी लोटूला म्हटलं, अरे, हे आमचं बोलणं भरून घे ना. तर तो म्हणाला, माझ्या कॅमेऱ्याला एक बटन आहे. पिक्चर तसंच राहतं, जुना आवाज पुसतो, नवा भरतो. कॅसेटच्या मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर नवं भरत नाही म्हणाला, ती लावली. पिक्चर पहिल्यापासून लावलं आणि हा माईक दिला माझ्या हातात.

हिलाल : पुसतो? जुना आवाज पुसला त्यानं?

मालतीबाई : पूर्ण. आता सगळं स्वच्छ अहिराणी आहे.

भागीरथी : अहो, बसा. आधी खाली बसा तुम्ही.

हिलाल : मालतीबाई, त्या पिक्चरच्या शेवटी तो नावाडी मुलीला पलीकडे सासरी सोडायला निघतो. सबंध नदी ओलांडतो आणि एक शब्द बोलत नाही. नुसता वल्ह्याचा आवाज येतो पाण्यातून. त्या शांततेसाठी मी तो जपला होता! दहादा बघितला तरी तिथं आलो की मागं नेऊन पुन्हा लावतो. त्याच्यावर तुम्ही बकरी घातली?

मालतीबाई : बकरी नाही भाऊ. शेवटाला बकरी नाही.

हिलाल : मग काय आहे?

मालतीबाई : तेच सांगायला आले मी. नावाड्याला कोणी घेत नव्हतं. बापे सारे बाहेर पत्ते खेळत होते. आमचा भाईदास तेवढा दाराशी बसलेला, भिंतीला टेकून. तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे.

भागीरथी : साधं ‘बरं आहे का’ विचारलं तरी मान हलवतात.

मालतीबाई : सारा जन्म लूमच्या खात्यात, मागांपाशी गेला. तिथल्या खडखडाटात बोलून उपयोग नाही, घरी आला की बोलायची सवय नाही. लग्न ठरल्यापासून पूजाशी धड एक वाक्य बोलला नाही. ती बिचारी मला म्हणायची, आत्या, आबांना मी जड झाले होते का? मी काय सांगणार तिला? तर काल तो शेवट आला, नाव निघाली, आणि मी माईक ठेवणार तेवढ्यात हा उठला. माझ्या हातातून माईक घेतला त्यानं.

हिलाल : भाईदासनं?

मालतीबाई : लावा ना तुम्ही. माझ्या सांगण्यात काय आहे?

(हिलाल कॅसेट शेवटापर्यंत पुढे नेऊन लावतो. नदी, नाव, वल्हं. त्यातून एक घोगरा, अडखळता आवाज येतो.)

टीव्हीतला आवाज : बठ, बेटा. पानी बहू शे. घाबरू नको, मी शे ना. … तू नही ऱ्हायनी ते घर सुनं लागी मले. कोनाले सांगू नको.

भागीरथी : माय गं.

मालतीबाई : एवढंच बोलला. माईक ठेवला आणि बाहेर निघून गेला. पूजा हळदीच्या अंगानं धावली त्याच्या मागं. त्याचा सदरा पिवळा झाला पार, तोच घालून बसलाय आज मांडवात. बदल म्हटलं तर ऐकत नाही.

भागीरथी : अहो, डोळे पुसा आधी, मग बोला.

हिलाल : पुन्हा लावतो थांब. … बघितलंस? वल्हं वर येतं तिथं तो थांबतो, आणि पाण्यात जातं तेव्हा बोलतो. त्याला कोणी सांगितलं असेल असं?

मालतीबाई : कोण सांगणार त्याला? भाऊ, तुमची वस्तू आम्ही न विचारता बिघडवली, हे मला आता कळलं. वर परत मागायला तोंड नाही. पण पूजा दुपारी सासरी निघते, चोपड्याला. जावयाच्या मामाकडे व्हीसीआर आहे. ती म्हणते, आत्या, दागिना नको काही, ती कॅसेट आणून दे.

भागीरथी : त्यात काय एवढं! दोन मशिनं आहेत आपल्याकडे. वरात निघायच्या आत नक्कल निघते. नक्कल पूजाला देऊ, मूळची यांच्यापाशी राहील. एकच प्रत आहे हो यांची, किती जपली ते मला ठाऊक आहे.

मालतीबाई : चालशे. नक्कलही चालशे. तिला कुठं कळतंय?

हिलाल : नाही. नकलेत आवाज फिका पडतो.

भागीरथी : आता तुमचं ते शास्त्र नका काढू. पोरीला तेवढं पुरे.

हिलाल : शास्त्र नाही गं. फिका पडतोच. आणि तो माणूस एकदाच बोललाय. नक्कल मी ठेवतो, मूळची पूजाला.

भागीरथी : खरंच देता? बघा हं, मग रात्री माझ्यापुढं हळहळत बसाल.

हिलाल : बसेन. तू आहेस ना ऐकायला. आण ती कोरी कॅसेट, लाव त्या मशिनात. आणि मालतीबाई, तुम्ही आता पहिल्यापासून बघूनच जा. मला ती बकरी ऐकायची आहे.

मालतीबाई : मांडवात शोधत असतील मला. … बरं, थोडं बघते. तुमच्या पिक्चरमध्ये आता काही राहिलं का हो पण?

हिलाल : काय सांगू तुम्हाला! आजपासून येईल त्याला हाच देणार मी. आणि पूजाला माझा एक निरोप द्या.

मालतीबाई : बोला.

हिलाल : सासरी पिक्चर लावला आणि कोणी विचारलं हा नावाडी कोण, तर लाजू नकोस म्हणावं. माझे आबा आहेत, असं सांग.