कॅमेऱ्याला न दिसणारे बाबा

कॅमेऱ्याचं तर तुमी मले सांगूच नका! मोर्शीच्या घरी मीच एक हौसेनं बसवला होता. खोलीत कोणी हललं की पंखा आपोआप सुरू. पाच मिनिटं काहीच हललं नाही तर बंद. बाबा वाळत चाललेली संत्र्याची झाडं पाहायले दिवसातून दहादा बगिच्यात धावतात, पंखा तसाच सोडून. म्हणून हा उपद्व्याप.

पण बाबा रोज दुपारी तासभर विपश्यनेले बसतात. एकदा बसले की पापणीसुद्धा हलत नाही. हे माझ्या ध्यानातच नाही आलं! अमरावतीहून फोन करून विचारलं, "आई, पंखा बरोबर चालते ना?"

"एकदम मस्त. तू काही काळजी करू नको."

रविवारी भर दुपारी घरी पोचलो. बाबा डोळे मिटून बसलेले, डोक्यावर पंखा गरगर फिरून राहिला. अन् बाजूले आई घामाघूम होऊन, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हातपंखा हलवून राहिली.

मी हळूच म्हटलं, "आई, वरचा पंखा सुरू आहे नं! मग हा कावून हलवून राहिली?"

हात न थांबवता आई म्हणाली, "हा थांबला का वरचा बंद होते."