रंजीच्या काठचं गवत

माझं माहेर कादवेच्या काठचं अन् सासर निफाडच्या पुढं, कादवा गोदावरीला मिळते तिथलं, म्हंजे जन्मापासून मी पाण्यावरच, बाप भोई, सासरा भोई, नवरा बी भोई, मासळीवरच वाढले अन् मासळीवरच पोरं वाढवली. काय सांगू ताई तुम्हाला, पाण्याचा मला कधी राग आला नाय. राग आला तो जावेचा.

जाऊ म्हंजे रंजी, धाकट्या दिराची बायको. सासरा थकला तव्हा काठाची वाटणी झाली, घर बांधायला बी तोच काठ अन् जाळं लावायला बी तोच. आमच्यात थोरल्याचा मान पहिला, आमच्या मालकांनी डोळे झाकून उघडं पाणी घेतलं. धाकट्याकडं राहिलं ते गवत, पाण्याखालचं, रिबिनीवानी लांब लांब पाती, जाळं टाकलं का गुंतलंच. भोयाला गवत कशाला पाहिजे, सगळेच म्हणले थोरल्यानं बराबर उचललं. मला रंजीची कीव आली, अन् खोटं कशाला बोलू, कीव करायला लय बरं वाटायचं.

मग बघा काय झालं. वर धरणातून पाणी सोडलं का आमच्या काठाला ते धावतच येतं, गढूळ, माती ओरबाडत. तेच पाणी रंजीच्या गवतात शिरलं का पाती वाकत्यात, पाण्याचा जोर मोडतो, गाळ तिथंच खाली बसतो अन् पाणी कसं निवळशंख. नाशकाहून वाहत आलेली झेंडूची माळ आमच्या पुढून अशी सुटते का धड दिसत नाय, अन् तिच्याकडं गेली का रेंगाळते, पाहुणी आल्यावानी. गवतात मासा अंडी घालतो, पिल्लं तिथंच मोठी होत्यात, रंजीनं नुसतं कडंनं जाळं लावलं तरी मरळ घावते. पक्षी तिच्याकडं, पक्षी बघायला कॅमेरेवाले येत्यात ते बी तिच्याकडं, चहा पित्यात, तिच्या चुलीचे फोटो काढत्यात. चूल माझ्याकडं बी हाय ना. मालकांना म्हणलं तर ते म्हणायचे गप बस, आपणच उचललंय.

मागच्या पावसाळ्यात पूर आला अन् आमचा काठ खचला, शेळ्यांचा गोठा गेला, घराची मागची भिंत पाण्याच्या तोंडाशी आली. रंजीचा काठ जिथल्या तिथं. माझा गेला त्यापेक्षा तिचा राहिला हे मला जास्त लागलं, आता बोला.

थंडीत पाणी उतरलं तशी ती पाटी घेऊन आली, पाटीत गवत, मुळासकट, चिखलासकट. म्हणली, "आक्का, चल पाण्यात, तुझ्या घरापुढं लावू." म्या म्हणलं मला तुझी भीक नको. तिनं पदर खोचला अन् एकटीच कमरेइतक्या पाण्यात लावायला लागली, पण हात असा कच्चा का लावलेली मुळं परत वर यायची. मला बघवंना. उतरले, मुळाशी दगड बांधून चिखलात दाबून दाखवलं तिला. माझा हात तिच्यापेक्षा बरा हाय, तिला बी माहीत हाय.

औंदाच्या पुरात निम्मं वाहून गेलं, निम्मं धरून राहिलं. तेवढ्यानं बी काठ हालला नाय, घर उभं हाय, तुम्ही टेकलात ती हीच मागची भिंत. परवा एक झेंडूची माळ माझ्यापुढं थांबली, हळूच फिरली, मी हातातलं काम सोडून बघत बसले.

जळणं गेलं म्हणता का? नाय ओ. आता तिच्या मनावर जळते, देवानं एवढं मोठं मन धाकटीला कशाला दिलं म्हणून. देव तिचं भलं करो, मनापासून म्हणते. फक्त माझं गवत तिच्याहून बोटभर लांब वाढू दे.